उन्हाच्या मुलखात ‘डी’ कमी कसं, आणि ते घेतलं की खोकला थांबतो का?

थंडी लागल्यापासून सर्दी, खोकला, न्युमोनिया यावरचे प्रश्न वाढलेत आणि यावेळी बऱ्याच जणांनी फिरून फिरून एकच विचारलंय, की व्हिटॅमिन डी घेतलं तर छातीचे आजार टळतात का. म्हणून यावेळची सगळी जागा त्यालाच दिली. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (जळगाव): मॅडम, दर हिवाळ्यात मला तीन-चार वेळा सर्दी होते आणि नंतर खोकला पंधरा-पंधरा दिवस हटत नाही. मागच्या वर्षी मित्राच्या सांगण्यावरून डी तपासलं तर १४ आलं. मेडिकलवर डीची ६० हजार युनिटची पाकिटं मिळाली, आठवड्याला एक दुधातून घ्यायचं असं सांगितलं. वर्ष होत आलं, अजून घेतोय, पण सर्दी काही थांबली नाही. डोस वाढवू का?

उत्तर: वाढवू नका, उलट आजपासून पाकीट बंद करा. १४ म्हणजे कमी होतं हे खरं, २० च्या खाली (नॅनोग्राम दर मिलिलिटरला) कमतरता धरतात. पण ६० हजार युनिटचं पाकीट साधारण आठ आठवडे आठवड्याला एक घ्यायचं असतं आणि मग डॉक्टर जे ठरवतील तो लहान डोस. मोठ्या माणसाची रोजची गरज आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली ६०० युनिट सांगितली आहे, आणि स्वतःच्या मनाने रोज ४ हजारांच्या वर जायचं नाही. तुमचा हिशोब रोजचे साडेआठ हजार युनिट होतो, तोही वर्षभर. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, बी-कॉम्प्लेक्ससारखं लघवीतून निघून जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मग तहान तहान होते, सारखी लघवी लागते, मळमळ, बद्धकोष्ठ, किडनीत खडे, आणि फारच चढलं तर माणूस बडबडायला लागतो. तेव्हा या आठवड्यात रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) आणि डी तिन्ही तपासून घ्या, आणि जाताना रिकामी पाकिटं डॉक्टरांना दाखवायला न्या, कारण कुठलं औषध किती घेतलं हे पेशंटला बऱ्याचदा आठवत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, सर्दी थांबली का नाही. यावर जगभरात खूप काम झालंय आणि त्याचा प्रवास समजून घेण्यासारखा आहे, कारण अर्धवट ऐकलेल्या बातमीवरच लोक पाकिटं आणतायत. २०१७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी २५ चाचण्यांमधल्या जवळजवळ ११ हजार लोकांची माहिती एकत्र केली, त्यात डी घेणाऱ्यांना श्वासाचे संसर्ग थोडे कमी झालेले दिसले, आणि ज्यांची लेव्हल १० च्याही खाली होती आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेतलं त्यांच्यात तर फायदा ठसठशीत दिसला. बातमी गाजली. मग २०२१ मध्ये त्याच गटाने आणखी चाचण्या जोडल्या, तेव्हा संसर्ग झालेले लोक डी घेणाऱ्यांत शंभरात ६१ आणि न घेणाऱ्यांत शंभरात ६२ निघाले. म्हणजे फरक होता, पण केवढासा! आणि २०२५ च्या सुरुवातीला, साठेक हजार लोकांची माहिती धरून पुन्हा हिशोब केला तेव्हा तो फरक इतका बारीक झाला की योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येईना, आणि आधीची लेव्हल कमी असलेल्यांनाच जास्त फायदा होतो हेही त्यात वेगळं उठून दिसलं नाही. मधल्या काळात, करोनाच्या दिवसांत, इंग्लंडमध्ये ६२०० लोकांवर चाचणी झाली, नॉर्वेत ३४ हजारांहून जास्त लोकांना रोज चमचाभर कॉड माशाच्या यकृताचं, डी असलेलं तेल दिलं गेलं, दोन्हीकडं सर्दी-तापाचं किंवा करोनाचं प्रमाण काही घटलं नाही.

मग सुरुवातीला सगळ्यांना एवढी आशा का वाटली? कारण रक्त तपासलं तर न्युमोनियाच्या, करोनाच्या पेशंटमध्ये डी कमी सापडतंच सापडतं. पण जो माणूस आजारी असतो तो घरात पडून असतो, ऊन घेत नाही, जेवण कमी असतं, शिवाय अंगात दाह असला की ही लेव्हल आपोआप खाली येते, त्यामुळे डी कमी म्हणून आजार की आजार म्हणून डी कमी हे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून कळत नाही. त्यासाठीच अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी गोळी देऊन चाचणी करावी लागते आणि तिथं फायदा आटत गेला.

याचा अर्थ डी आणि प्रतिकारशक्तीचा संबंधच नाही असा नाही हां. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की आपल्या रक्षक पेशींना टीबीच्या जंतूची चाहूल लागली की त्या स्वतःच डीचं काम करणारं रूप बनवतात आणि त्यातून कॅथेलिसिडिन नावाचं जंतू मारणारं द्रव्य तयार होतं. कच्चा मालच नसेल तर हे काम अडतं. पण कच्चा माल पुरेसा असताना आणखी ओतला तर पेशी दुप्पट काम करत नाहीत, आणि मला वाटतं लोकांना नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

आणखी एक. एकदम मोठा डोस आणि रोजचा लहान डोस यात फरक पडतो असं २०१७ आणि २०२१ दोन्ही वेळेला दिसलं होतं, ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या २१ हजार लोकांना महिन्यातून एकदाच ६० हजार दिले तर संसर्ग कमी झालेच नाहीत. तुम्ही जळगावचे, तुम्हाला लगेच समजेल, केळीला महिन्यातून एकदा पाट सोडून भागत नाही, ठिबकच लागतं. रोजचं ४०० ते १००० युनिट, तेही कमतरता असेल तर, बस.

आणि तो पंधरा दिवसांचा खोकला. दोन आठवड्यांपुढं खोकला गेला की टीबीसाठी थुंकी तपासायची, सरकारी दवाखान्यात फुकट होते. दम्याचीही तपासणी करून घ्या, नुसता खोकला हेच लक्षण असलेला दमा आपल्याकडं पुष्कळ बघायला मिळतो आणि जिनिंगचा, रस्त्याचा धुरळा त्याला चेतवतो.

प्रश्न (रावेर): आमच्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री असतं, मी स्वतः शेतात असते, तरी माझा डीचा रिपोर्ट ११ आला. लॅबची चूक असेल का? आणि सगळे म्हणतात सकाळचं कोवळं ऊन घ्या, ते किती वेळ घेऊ?

उत्तर: ताई, लॅबची चूक असेलही, पण मला तसं वाटत नाही. तुम्ही शेतात कशा असता ते डोळ्यांपुढं आणा. डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळलेला, साडीवर यजमानांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, कापूस वेचायला असाल तर हाताची बोटंच तेवढी उघडी, आणि केळीच्या बागेत असाल तर ऊन खाली पोचतच नाही, एवढी दाट सावली. उन्हात असणं आणि कातडीवर ऊन पडणं यात इथंच फरक पडतो. शहरात तर विचारू नका, जळगावात कॉलेजच्या मुली सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालून गाडीवर जातात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात. त्यांचं चूक म्हणत नाही मी, ४५ डिग्रीत कातडी झाकलीच पाहिजे.

दुसरं, ऊन गरम किती यावर डी ठरत नाही. कातडीत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, त्यावर अतिनील-बी किरण पडले की डी बनायला सुरुवात होते, पुढं यकृत आणि किडनी ते पूर्ण करतात. हे किरण सूर्य वर असतानाच जमिनीपर्यंत पोचतात, तिरप्या उन्हात हवेतच अडतात. काचेतून तर येतच नाहीत, म्हणून खिडकीच्या बंद काचेमागं किंवा एसटीत बसून घेतलेलं ऊन या कामाचं नाही. आता कोवळ्या उन्हाचं सांगते, आणि हे वाचून घरातली मोठी माणसं रागावतील हे माहीत आहे. सकाळी सातचं ऊन अंगाला बरं वाटतं, झोपेला, मनाला चांगलं, घ्याच, पण त्यातून डी जवळजवळ मिळत नाही.

कधी घ्यायचं याची खूण सोपी आहे, सावली बघायची. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण पोचायला लागले समजा. मे महिन्यात आपल्याकडं हे सकाळी सव्वानऊ-साडेनऊलाच होतं, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी जाळून घ्यायची काही गरज नाही, साडेनऊच्या सुमाराला हात, दंड, पोटऱ्या उघड्या ठेवून पंधरा-वीस मिनिटं अंगणात काम केलं तरी चालतं आणि मग आत. पण डिसेंबरच्या शेवटी गंमत बघा, भर दुपारी साडेबाराला सुद्धा सावली जेमतेम उंचीएवढी होते. म्हणजे हिवाळ्यात दुपारी बारा ते एकचंच ऊन घ्यायचं, थोडं जास्त वेळ, अर्धा तास, आठवड्यातून चार-पाच दिवस. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. गच्चीवर वाळवण राखायला, कपडे वाळत घालायला, डाळ निवडायला बसायचं तेव्हा ही वेळ साधा. चेहरा झाकलेला असला तरी चालेल, हातपाय मोठे असतात, तेवढे पुरतात. मात्र मार्च ते जून दुपारी कुणीही डीसाठी उन्हात बसू नये, उष्माघात हा काही तासांत जीव घेणारा आजार आहे.

जेवणातून मिळेल का असं पुढं लिहिलंय तुम्ही. फार नाही. आपलं जेवण मला जीव की प्राण आहे, कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी, पण यात कशातच डी नाही. एका अंड्याच्या बलकात चाळीसेक युनिट, ते अंडं खाणाऱ्यांना. तापीचे मासे खाणाऱ्यांना थोडं अजून. त्यातल्या त्यात बरं म्हणजे तेलाच्या आणि दुधाच्या पिशवीवर निळी ‘प्लस एफ’ खूण बघून घ्या, त्यात ए आणि डी मिसळलेलं असतं, असं २० ग्रॅम तेल पोटात गेलं की शंभरेक युनिट मिळतात. घाण्याचं सुटं तेल आणि गोठ्यातलं दूध यात ते नसतं, बाकी त्यांचे गुण असतील ते असोत.

तुमचं ११ आहे त्यामुळे नुसत्या उन्हावर थांबू नका, डॉक्टरांकडून कोर्स लिहून घ्या, आणि तो सर्दीसाठी नाही तर हाडं आणि स्नायूंसाठी घ्यायचा आहे. बायांचं कंबर धरणं, मांड्या दुखणं, खाली बसलं की उठताना हात टेकावा लागणं, हे वयामुळं म्हणून सोडून देतात आणि त्यातल्या कितीतरी जणी डीच्या कोर्सने बऱ्या होतात.

प्रश्न (चोपडा): मुलगा पाच वर्षांचा. शाळेत घातल्यापासून दर महिन्याला सर्दी-खोकला. शेजारच्या मुलाला डीचं इंजेक्शन दिलं तेव्हापासून त्याला होत नाही म्हणतात. आम्हीही द्यावं का?

उत्तर: इंजेक्शन नको. ते सहा लाख युनिटचं असतं आणि सर्दीसाठी ते कधीच नाही. शाळेत जायला लागलेल्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचं आहे, एकेक विषाणू ओळखीचा होत जातो आणि सहसा दुसरी-तिसरीपर्यंत हे कमी होतं. शेजारच्या मुलाचंही तसंच झालं असावं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी मोठ्यांपेक्षा थोडी वेगळी बोलते. जपानमध्ये शाळकरी मुलांना हिवाळ्यात रोज १२०० युनिट दिले तेव्हा इन्फ्लुएन्झा-ए (फ्लूचा एक प्रकार) शंभरात १९ ऐवजी ११ जणांना झाला, ती चाचणी २०१० ची. मंगोलियात जिथं मुलांची लेव्हल फारच खाली होती तिथं डी घातलेलं दूध दिल्यावर सर्दी-खोकले निम्म्यावर आले. उलट काबूलमध्ये तान्ह्या बाळांना तीन महिन्यातून एकदा मोठा डोस दिला तर न्युमोनिया अजिबात कमी झाला नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) २०२४ मध्ये एक ते अठरा वयाच्या मुलांना रोजचं डी द्यायला हरकत नाही, मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) टळतो आणि श्वासाचे संसर्गही कदाचित कमी होतात असं म्हटलंय, पण निरोगी माणसांनी उगाच लेव्हल तपासत बसू नये हेही तिथंच म्हटलंय. तेव्हा मुलगा उन्हात खेळत नसेल तर रोजचे ६०० युनिट तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून सुरू करा, एवढंच. तान्ह्या बाळाला जन्मल्यापासून वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० युनिटचे थेंब द्यायचेच, आईचं दूध उत्तम असलं तरी त्यात डी फार कमी असतं.

थेंबांच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा बरं का, आणि हे मी कळकळीनं सांगते. कुठल्या कंपनीच्या एका मिलिलिटरमध्ये ४०० असतात, कुठल्या ८००, कुठल्या अर्ध्याच मिलिलिटरमध्ये ४००. आणि ६० हजारांची ती चिमुकली पाच मिलिलिटरची बाटली येते, ती एका वेळेला पूर्ण प्यायची असते, कुणी ती रोज पाजली तर आठवड्याभरात बाळ उलट्यांनी, सुकून दवाखान्यात येतं. मेडिकलवरून निघायच्या आधी ‘किती आणि किती दिवसांनी’ हे बाटलीवरच पेनने लिहून घ्या.

डोकं मोठं, मनगटं जाड, पाय वाकलेले, चालायला उशीर, असं काही असेल तर तो मुडदूस असू शकतो. अशा मुलांच्या फासळ्या मऊ पडलेल्या असतात, छाती भरून श्वास घेता येत नाही, त्यांना न्युमोनिया सहज होतो आणि जडही जातो. तिथं डी हे औषधच आहे, वाट बघू नका. आणि कुठल्याही मुलाचं पोट उडायला लागलं, छातीत खड्डा पडायला लागला, वर्षापुढच्या मुलाचा श्वास शांत असतानाही मिनिटाला चाळीसच्या वर गेला, की घरचा काढा, वाफ सगळं बाजूला ठेवून दवाखाना.

प्रश्न (शहादा): आई ६८ वर्षांची, कायम धाप, दर थंडीत एकदा तरी ॲडमिट करावं लागतं. डॉक्टर सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) म्हणतात, ती तर बिडीसुद्धा पीत नाही. डीने ॲडमिट होणं टळेल का?

उत्तर: टळू शकतं, पण एका अटीवर. सीओपीडीच्या पेशंटमध्ये लेव्हल १० च्या खाली असेल तर डी दिल्यावर दम उसळण्याचे प्रकार बऱ्यापैकी कमी होतात, १० च्या वर असेल तर फरक पडत नाही. म्हणून तुमच्या आईची तपासणी नक्की करा, तिच्यासाठी हा खर्च वाया जाणार नाही. दम्याच्या पेशंटना मात्र २०१६ साली जो फायदा दिसला होता तो २०२३ च्या फेरतपासणीत टिकला नाही.

बिडी न पिता हे झालं कसं, तर चुलीनं. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या पेटवून कोंदट खोलीत चाळीस-पन्नास वर्षं स्वयंपाक केलेल्या बायांची फुप्फुसं बिडी ओढणाऱ्यासारखीच होतात. घरात गॅस आला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल सुरूच असते हे मी घरोघर बघते. आईला त्या धुरात बसू देऊ नका, चूल लागलीच तर अंगणात न्या आणि पेटवायला दुसरं कुणी बसा. फ्लूची लस दरवर्षी, न्युमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी. आणि पंप रोज ओढते का, नीट ओढते का, ते समोर बसून बघा, कारण पंपाची सवय लागते या भीतीनं म्हाताऱ्या तो उशीखाली ठेवून देतात. डीपेक्षा या गोष्टींनी तिचा हिवाळा जास्त बरा जाईल.

प्रश्न (अमळनेर): घरात भावाला टीबी निघालाय. आम्ही सगळ्यांनी डी घेतलं तर लागण टळेल?

उत्तर: नाही. मंगोलियात जवळजवळ नऊ हजार मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला डी दिलं, टीबीची लागण तेवढीच झाली. पूर्वी औषधं नव्हती तेव्हा सॅनिटोरियममध्ये पेशंटना उन्हात झोपवायचे, डेन्मार्कच्या फिन्सेन यांना तर कातडीच्या टीबीवर प्रकाशाचे उपचार केल्याबद्दल १९०३ चं नोबेल मिळालं, त्यातून ही समजूत मनात राहिली असेल. घरच्यांसाठी दोन गोष्टी उपयोगाच्या ठरल्यात. सरकारी केंद्रात जाऊन सगळ्यांची तपासणी आणि सांगितली तर प्रतिबंधक गोळी. आणि पोटभर सकस जेवण, झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना जास्तीचं धान्य-डाळ दिली तेव्हा त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी खाली आलं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालंय. डीच्या पाकिटांचे पैसे शेंगदाणे, डाळ आणि अंड्यांना लावा.

प्रश्न (अक्कलकुवा): मुलीला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, चार वर्षांची. डॉक्टरांनी डी लिहून दिलं. खोकल्यासाठी आहे का हाडांसाठी?

उत्तर: मुख्यतः हाडांसाठी, या मुलांत डी बऱ्याचदा खूप कमी असतं. अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत अशा मुलांचे श्वासाचे आजार डी घेतल्यावर दुसऱ्या वर्षी निम्म्याहून कमी झाले होते, पण तेवढ्यावर विसंबू नका, दिलंय ते सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा. या मुलींची प्लीहा (पोटातला जंतू अडवणारा अवयव) लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे न्युमोनियाचे जंतू त्यांना एका दिवसात गाठतात. पाच वर्षांची होईपर्यंत पेनिसिलीनचा डोस एकही दिवस चुकवायचा नाही, न्युमोकोकलची लस पूर्ण झाली का ते कार्डावर आशाताईंना दाखवून घ्या, राहिली असेल तर या वयातही देता येते. आणि ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर रात्र असली तरी निघा, सकाळची गाडी धरू असं म्हणू नका, १०८ ला फोन करा आणि गाडीत बसल्या बसल्या मुलीला सिकलसेल आहे हे आधी सांगा.